पुंडलिक, वर ये

खोटा मजकूर खरा होऊन गेला होता. अकराशे चाळीस फोनांवर.

मृणालीने तो पुन्हा वाचला. बदलला नाही.

पुंडलिक, ढोरा सोर आन् वर शालंत ये. खांड जातय. वाचत बसू नको, पल.

भरतीला बत्तीस मिनिटं.

"हे आपण पाठवलं?" हितेश तिच्या खुर्चीमागे उभा होता. अष्टमी गावातलं हे दोन खोल्यांचं ऑफिस त्याचं. "पेणच्या खाडीकाठच्या बारा गावांना? उधाणाचा इशारा म्हणून? कोण हा पुंडलिक?"

"टेस्टमधलं नाव आहे, सर."

"मग टेस्टमध्येच का नाही राहिला तो?"

याचं उत्तर सोपं होतं आणि लाजिरवाणं. कोडमध्ये मजकूर नसतो. कोड एवढंच म्हणतो: उधाणाचा इशारा द्या, ज्याच्या त्याच्या भाषेत. शब्द येतात भाषेच्या फाईलमधून. नुसता कोड तपासायचा असला की ती खरी फाईल बाजूला ठेवतात आणि एक खोटी जोडतात. खोट्या फाईलमध्ये काय लिहिलंय, हे कुणी विचारत नाही. बाकीचे लिहितात, अबक. मृणालीने हे लिहिलं होतं. आणि काल संध्याकाळी घाईत खोट्या फाईलचा पत्ता एका ओळीत तसाच राहिला.

चाचणी १२. मराठी फोनला मराठी मजकूर जातो. पास.
चाचणी १३. मजकूर रिकामा नाही. पास.
चाचणी ४१. पास.

सगळं हिरवं. हिरवंच असणार. चाचण्यांना हीच फाईल हवी होती.

दोन मिनिटांत तिने पत्ता बदलला. खरा मजकूर स्क्रीनवर आला. पेणच्या एका निवृत्त मास्तरांनी तपासून दिलेला, काना-मात्रेची चूक नसलेला:

भरतीच्या पातळीत धोकादायक वाढ अपेक्षित. नागरिकांनी तातडीने सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.

तिने पाठवलं. गेलं नाही.

चाचणी २०. तोच इशारा पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा जात नाही. पास.

लोक वैतागतात म्हणून ही सोय तिनेच केली होती.

"काढ ती अट!"

"काढून सगळं पुन्हा चढवायला तेवढाच वेळ लागेल."

हितेशने खिडकीपर्यंत जाऊन परत फेरी मारली. "हसतील गं लोक. एकमेकांना पाठवतील. अरे पुंडल्या, पळ! आणि हसत हसत घरात बसतील." तो थांबला. "तुझं गाव आहे ना त्यात?"

तिने आईला फोन लावला होता. घर बांधाला लागून. खांड पडली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की पाणी आधी त्यांच्याच ओटीवर. रिंग जात राहिली. तिने पुन्हा लावला. आज अमावास्या, पुरुषमाणसं सकाळपासून बांधावर चिखल थापत असणार. आई घरात. आई फोन डब्यात ठेवते, भिजू नये म्हणून.

भरतीला चोवीस.

भरतीला एकवीस. रिंग.

भरतीला

ती आकडे बघायचं थांबली. बोट बटणावर ठेवून बसली.

भरतीला सतरा मिनिटं असताना खरा मजकूर गेला. अकराशे चाळीस फोन. एकही चूक नाही.

मग फक्त थांबणं. तिला बांध दिसत होता, चिखलाने माखलेले हात दिसत होते, कुणीतरी फोन पुढे करून हसताना दिसत होतं.

भरतीला चार मिनिटं. आईचा फोन.

"आई! कुठे आहेस?"

"शालंत. खांड गेली गो. आपल्या घराशी छातीएवरा पानी हाय." मागे गुरांच्या घंटा, पोरांचा कालवा.

"आणि लोक?"

"समदी हितंच हाईत. बांधावरची पन आली. हौसाबाय चालंना, तिला पाठकुली आनली."

मृणालीने डोळे मिटले. "दुसरा मेसेज वेळेवर मिळाला ना?"

"दुसरा कंचा? तवा आमी शालंत होतो."

हितेश खुर्चीत बसला.

"पहिला... आई, तो माझ्या हातून चुकून गेला."



"सगुणाच्या पोरीनं वाचून दाखवला," आई म्हणाली. "मी उठले आन् तेच आराडत गावभर सुटले. बांधावर पन गेले. पुंडलिक, वर ये! पुंडलिक, वर ये! कोनी हसला नाय गो. इंदू मेलेल्या नवऱ्याचा नाव घेऊन आराडते, मंजे काय झाला आसल? हातातला टाकून निंघाली समदी."

"तू बाबांचं नाव घेतलंस?"

"लगनात उखाण्यात घेतला, त्याच्यानंतर आज." तिचा आवाज खाली आला. "तो पान्यात गेला त्या दिशी पन मी शालंच्या याच पायरीवर उभी होते. तो खाली ढोरा सोरीत होता. मी हाका मारल्या. अवो, अवो. धा बायका तेच वरडत होत्या. त्यानं वलून पन नाय बघितला."