सहाला डबा फोडू

ओला कागद वाळताना आखडतो.

चमच्याची दांडी, टोकाला बोथट.

पाहुणे दोन. दूध आहे, साखर आहे. जुन्या डब्याचा तळ खरवडून निघाली ती अर्धा चमचा कॉफी.

टप्.

आवाज झाला आणि सुनेनं चमचा झटकन मागे घेतला.

बाहेरच्या खोलीत तिच्या शाळेतल्या दोघी मैत्रिणी गणिताच्या बाईंच्या नकला करत खिदळत होत्या. ओट्यापाशी ती चमचा धरून उभी. समोर कॉफीचा नवा डबा, आणि डब्याच्या तोंडावरच्या चंदेरी कागदाला मधोमध भोक. गप्पांच्या नादात हात आपला चालत गेला होता.

या घरात येऊन तिला पाच महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं बजावलं होतं, बाबांचा पेपर त्यांच्या आधी वाचलास तरी चालेल, त्यांच्या खुर्चीत बसलीस तरी चालेल, पण नवा डबा फोडायचा तो त्यांनीच. सासरे कॉफी पीतही नसत. चहाचा माणूस. पण दांडीचं टोक कागदावर टेकवायचं, श्वास रोखायचा, दाबायचं आणि तो टप् ऐकायचा, एवढ्यासाठी ते दोन-दोन महिने वाट बघत. कालच त्यांनी डबा फळीवर ठेवून जाहीर केलं होतं, "उद्या सहाला फोडू. सगळे घरात पाहिजेत."

सगळे म्हणजे तिघं.

तिनं आतल्या खोलीत डोकावलं. सासरे पलंगावर आडवे, तोंडावर वर्तमानपत्र. पोट संथ वरखाली होत होतं. हुश्श.

चारला मैत्रिणी गेल्या. तिनं नवऱ्याला फोन लावून झालेलं सांगितलं.

"येताना अस्साच एक डबा आण."

"काय उपयोग? बुडाला बघ, बाबांनी तारीख कोरलीय. दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओवर कोरायचे, तशी."

तिनं डबा उलटा केला. कोरली होती.

"मग आता रे?"

"कबूल कर आणि मोकळी हो."

"तूच कर ना माझ्या वतीनं. पोटचा पोरगा आहेस."

"म्हणूनच नको. एकदा मी पाकिटातली कॉफी आणली होती. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले, तेही 'सरक' एवढंच."

फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली. तिथं तिचं पुस्तकबांधणीचं टेबल होतं. खळीची वाटी, सुरी, घड्या दाबायची हाडाची पट्टी, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमला लावून उरलेला चंदेरी कागद.

फाटका कागद तिनं कडेनं सोलून काढला. आतली कॉफी चार चमच्यांनी खाली गेली होती, ती डबा हलवून सारखी केली. नवा कागद मागून जरासा ओला केला. फार ओला केला तर फाटतो, कमी केला तर ढिला राहतो. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. काठाला खळ लावली, कागद बसवला, बोटांनी दाबत गोल फिरली. मग टेबलफॅन. हळूहळू सुरकुत्या गेल्या. कागद आखडला, ताणला, आरशासारखा झाला. बाहेरची कड तिनं सुरीनं अशी कापली की पापणीसुद्धा हलली नाही.

सहाला सासरे आले ते केस विंचरून. मुलगा ऑफिसातून येऊन बूट न काढताच भिंतीला टेकून उभा होता, बायकोकडे न बघता.

सासऱ्यांनी झाकण काढलं. कागदावर नखानं टिचकी मारली.

थांबले.

पुन्हा टिचकी मारली, कान जवळ नेऊन. बंद पडलेला रेडिओ ऐकावा तसं ऐकलं. काठावरून एक बोट सावकाश फिरवलं. सुनेला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

"ताण चांगला आहे," सासरे म्हणाले.

त्यांनी चमचा उलटा धरला. टोक टेकवलं. श्वास रोखला. खोलीतल्या दोघांनीही रोखला.

आवाज टप् असा आलाच नाही. जाड, गोल, भरदार आला. एखाद्या छोट्या ढोलाच्या पोटातून यावा तसा. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले आणि तो पूर्ण विरेपर्यंत उघडले नाहीत.

"वा! इतक्या वर्षांत असा नव्हता ऐकला. कंपनी सुधारली म्हणायची."

"हो बाबा," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"तुला कुणी विचारलं?" मग ते सुनेकडे वळले. "सूनबाई, यापुढं एक डबा माझा, एक तुझा. पुढचा तुझा."

"माझा कशाला बाबा? तुम्हीच..."

"तुझा. फक्त फोडताना मला हाक मारायची. आता माझा चहा टाक."

तिनं वळून गॅस पेटवला. तीनदा काडी ओढली तेव्हा पेटला.

दुपारी ओट्यापाशी टप् असा आवाज झाला, तेव्हा आतल्या खोलीत वर्तमानपत्राखाली सासऱ्यांचे डोळे टक्क उघडे होते.