थांबा ना, सर

"समजलं ना सगळ्यांना?" लॅपटॉपमधल्या सरांनी विचारलं.

"हो सर," मंदाकिनी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली. रिपोर्ट बनवायला शिकवणारा हा तास रेकॉर्ड केलेला होता. पण नवरा गेल्यापासून दिवसभरात तिचं बोलणं व्हायचं ते एवढंच.

आज मात्र दोन तक्ते काही केल्या जुळेनात. प्रत्येक शहरापुढे विक्रीचा तोच आकडा दिसत होता.

"समजलं ना?"

"नाही हो सर, थांबा ना."

"शाब्बास! चला पुढे."

तिने चिडून व्हिडिओ थांबवला. सर तोंड उघडं ठेवून थबकले, ऐकत असल्यासारखे. तिने खुर्ची पुढे ओढली. आधी आकड्यांचं गाऱ्हाणं झालं, मग गुडघ्यांचं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "आमचे हे गेले त्या दिवशीचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही, सर."