डिकीतला जॅक

“लोकल टाका,” मुलगी म्हणाली.

“ओरिजिनल,” बाप म्हणाला.

मेकॅनिक फडक्याला हात पुसत दोघांच्या मधे उभा होता. गाडीचा वॉटर पंप गेला होता. गाडी जुनी, मॉडेल कधीच बंद पडलेलं. लोकल पंप मागच्या फळीवर तयार होता, तो बसवला की संध्याकाळी गाडी रस्त्यावर. कंपनीचा हवा तर शोरूममधून मागवायचा, आणि तो कधी येईल हे शोरूमलाही सांगता येत नव्हतं.

“बाबा, दुकानात गिऱ्हाइकांना काय सांगता? ब्रँडच्या नादी लागू नका, साधी फ्रेम घ्या, दिसतं तेवढंच. आणि स्वतःच्या गाडीला मात्र ओरिजिनल?”

“फ्रेम मोडली तर नाकावर येतं. पंप मोडला तर इंजिनावर येतं.”

“मग बसा वाट बघत. मी तर म्हणते लोकलच टाका.”

झालं, तिथेच निकाल लागला. बापाचं चष्म्यांचं दुकान, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, आणि त्यांचा हा स्वभावच होता. घरातलं कोणी पूर्व म्हणालं की हे पश्चिमेला निघालेच. त्यांचं घर पिवळं होतं, कारण बायकोने पिवळा रंग अजिबात नको म्हणून सांगितलं होतं. तिचा आवडता रंग पिवळाच, हे त्यांना फार वर्षांनी कळलं. मुलीला मात्र ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

“ओरिजिनल मागव,” त्यांनी मेकॅनिकला सांगितलं.

गाडी गॅरेजात राहिली आणि दुकानात जायची पंचाईत झाली. मुलीचं ऑफिस त्याच रस्त्यावर पुढे होतं. “सोडते मी, दुसरं काय करणार,” ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली.

आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं फोनपुरतं उरलं होतं. “जेवलात?” “जेवलो.” “गोळ्या?” “घेतल्या.” घरं जवळ असून तीच तऱ्हा. आता रोज सकाळी दोघं एका गाडीत, म्हणजे भांडायला उसंतच उसंत. काच वर की खाली इथून सुरुवात व्हायची. तिने क्लचवर पाय ठेवला की हे म्हणायचे, “पायपुसणं आहे का ते?” ती म्हणायची, “उतरा आणि चालत जा.” एकदा सिग्नलला आईच्या बेसूर गाण्याची आठवण निघाली आणि दोघं इतकी हसली की मागचे हॉर्न ऐकूच आले नाहीत. एकदा तिने ऑफिसातलं असं काही सांगितलं, जे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.  दुकान आलं तरी चष्मेवाले उतरले नाहीत.

त्यांना सकाळ आवडायला लागली होती. दाढीबिढी करून ते आधीच फाटकाशी येऊन उभे राहायचे, आणि ती आली की म्हणायचे, “उशीर केलास.”

स्पीडब्रेकर आला की डिकीत काहीतरी दणकन आपटायचं.

“काय आहे ग मागे?”

“जॅक असेल.”

“बांधून ठेव की. बघू का मी?”

“नको. माझ्या गाडीत हात घालायचा नाही, आधीच सांगते.”

अधूनमधून ते गॅरेजात फोन करायचे. “पंप आला का रे?”

“नाही काका,” मेकॅनिक अडखळत म्हणायचा. “शोरूमवाल्यांचं आज नाही उद्या चाललंय.”

“काय लोक आहेत,” चष्मेवाले चिडून म्हणायचे आणि बरं वाटून फोन ठेवायचे.

मग एका सकाळी मुलगी फाटकाबाहेर फोनवर बोलत होती, ते त्यांच्या कानावर पडलं. “हो, आजही उशीर होणार. बाबांना सोडायचंय. रोजचंच झालंय आता.”

चष्मेवाल्यांना वाटलं, आपल्याला चार शब्द बोलायला मिळतात म्हणून पोरीने ऑफिसात रोज बोलणी खायची? त्या दिवशी ते काचेवरूनही भांडले नाहीत. गॅरेजचं वळण आलं तेव्हा म्हणाले, “इथे थांबव. लोकल टाकून घेतो.”

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. “आता मधेच?” मग घाईने म्हणाली, “टाका ना, टाका. मी तर पहिल्यापासून लोकलच म्हणत होते. लोकलच टाका.”

“बरोबर म्हणत होतीस,” चष्मेवाले म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिचं ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा एवढासा झाला. त्यांना काही उमगेना.

मेकॅनिकने फळीवरून लोकल पंप काढला, पण त्याचं लक्ष सारखं मुलीकडे. “काका, तुमच्या गाडीतली ती सीटवरची उशी तेवढी काढून घ्या. माझ्या हाताचं ग्रीस लागेल.”

उशी बायकोने शिवलेली होती. ती घेऊन चष्मेवाले मुलीच्या गाडीकडे गेले. मुलगी मेकॅनिकशी हळू आवाजात काही बोलत होती. त्यांनी डिकी उघडली.

आत जॅक नव्हता. एक खोकं होतं, वर पंपाचं चित्र, कंपनीचं न उघडलेलं सील आणि मेकॅनिकच्या अक्षरात ‘चष्मेवाले काका’. आपटून आपटून खोक्याचे कोपरे गोल झाले होते.

“बाबा, काय करताय तिथे?” मुलगी धावतच आली.

“काही नाही. जॅक हलत होता, उशी लावून नीट बसवला.” त्यांनी डिकी बंद केली आणि मेकॅनिकला हाक मारली. “तो लोकल ठेव रे परत फळीवर. आमचं ओरिजिनलच ठरलंय. आणि शोरूमला सांग, घाई करू नका म्हणावं.”