सशाचं उत्तर

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी स्नायूंचा अर्क भरलेल्या बारा नळ्या स्वतःच्या हाताने टेबलावर मांडल्या. नळ्यांवर नुसते आकडे होते. कोणती उंदराची, कोणती सशाची, कोणत्या पायाची नस कापलेली, ती यादी त्यांच्या खिशात होती.

“कर सुरुवात,” ते विद्यार्थिनीला म्हणाले.

नस स्नायूला निरोप धाडते. निरोप पोचला की तो पुसून टाकायला तिथे एक एन्झाइम असतं. नस तुटली की हे एन्झाइम घटतं, असं सर तीस वर्षं शिकवत आले होते. त्याच भरवशावर नसा दुखावलेल्या माणसांसाठी औषध तयार झालं होतं आणि उद्याच्या बैठकीत त्याचा पहिला डोस ठरायचा होता. या विद्यार्थिनीने काल सांगितलं, सशात ते घटत नाही, वाढतं. सशाला शिंगं फुटल्याची बातमी आणलीस, म्हणून सर हसले होते. मग त्यांनी नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं ठरवूनच टाकलं. तिने वाद घातला नाही. तुम्हीच नळ्या द्या, एवढंच म्हणाली.

तिने प्रत्येक नळीत रसायनाचा थेंब सोडला. एन्झाइम जितकं जास्त, तितका रंग पिवळा. ती यंत्रावर रंगाचे आकडे वाचत गेली, सर यादीपुढे लिहीत गेले. सातव्या आकड्याला त्यांचं पेन थांबलं. बाराव्यानंतर त्यांनी चष्मा काढला. नस शाबूत असलेल्या पायाच्या मानाने नस कापलेला पाय उंदरांत फिका, सशांत गडद. एकही अपवाद नाही.

“जनुक दोघांचं तेच आहे, सर. त्याला हुकूम देण्याची रीत वेगळी.”

“आणि माणसात?”

“ते आपण अजून विचारलेलंच नाही.”

सरांनी यादीची घडी करून ती खिशात ठेवली. मग त्यांनी फोन उचलला आणि उद्या डोस ठरणार नाही, असं दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडचा आवाज चढला. त्यांनी तो पुरता ऐकून घेतला आणि फोन ठेवला.

कपाटातून त्यांनी स्वतः लिहिलेलं पाठ्यपुस्तक काढलं. ती त्यावरच शिकली होती. एका पानावर ‘सर्व प्राण्यांत’ हे शब्द खोडून त्यांनी वर ‘उंदरांत’ लिहिलं. खाली थोडी जागा उरली होती. त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं.