माकडटोपी

पाय उचलला तशी संपदाला समोरच्या भिंतीवर एकाऐवजी दोन कॅलेंडरं दिसायला लागली. गुडघे लटपटले आणि ती मटकन सोफ्यावर बसली.

‘साकू! बस झालं,’ थोरल्या दिरांनी, खंडोजीअण्णांनी, कानडी-मराठीत निकाल लावला. ‘हिला व्यायाम सोसत नाही. उद्याच चाकाची खुर्ची आणतो.’

संपदाला मल्टिपल स्क्लेरॉसिस होता. औषधांच्या जोडीला झेपेल तेवढा व्यायाम हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण अण्णा डॉक्टरांच्याही वरचे. बंगळुरातल्या येलहंक्याच्या गार वाऱ्याशी त्यांचं जुनं वैर होतं. व्यायामाआधी ते जातीनं बंदोबस्त करत. खिडक्या बंद, पंखा बंद, संपदाच्या अंगात जाड स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी. फिजिओ शाल्मली मोबाइलवरून शिकवायची. तो मोबाइल अण्णा धरत आणि व्यायाम पायांचा म्हणून नेमके पायच दाखवत.

एकदा खुर्चीत बसवलं की अण्णा संपदाला उठू देणार नव्हते. तिचं स्वयंपाकघरात जाणं त्यांनी आधीच बंद केलं होतं, आता पायही जाणार होते, तेही प्रेमानं.

तेवढ्यात बेल वाजली. शाल्मली आज पहिल्यांदाच घरी येत होती. आत येताच तिनं कपाळाला हात लावला.

‘अहो काका, यांना हिमालयात पाठवताय का? या आजारात अंग तापलं की नजर आणि पाय दगा देतात. गार झालं की पुन्हा ठीक. काढा ती टोपी!’

‘टोपीनं कुणाला काही होत नाही,’ अण्णा गुरगुरले.

‘मग तुम्ही घाला,’ संपदा म्हणाली. या घरात ती पहिल्यांदाच उलट बोलली होती. तिनं टोपी आणि स्वेटर काढून त्यांच्यापुढे धरले.

अण्णा हटणारे नव्हते. त्यांनी दोन्ही चढवलं आणि बंद खोलीत उठाबशा सुरू केल्या. शाल्मलीनं संपदाच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला. हळूहळू तिची नजर निवळली. इकडे अण्णांच्या मिशांतून घाम गळायला लागला. शेवटी ते धापा टाकत खाली बसले.

‘पाणी!’

शाल्मली त्यांची टोपी ओढण्यात गुंतली होती. संपदा उठली. भिंतीला धरून, आपल्या चालीनं स्वयंपाकघरात गेली आणि ग्लास घेऊन आली. अर्धं पाणी वाटेत सांडलं.

अण्णा उरलेलं घटाघटा प्यायले आणि मग भानावर आले.

‘तू कशाला उठलीस?’

‘तुम्ही बसलात म्हणून.’