फाटकातली परडी

"देवाला हवं ते ठेवा, पण माझ्या फाटकात मुंग्यांना आवतण कशाला?" सबनीसांनी घरमालकिणीला हसत हसत सुनावलं होतं. निवृत्तीनंतर ते पुण्याहून बालीतल्या या लहानशा गावी येऊन राहिले होते. इथलं सगळं त्यांना आवडायचं. रोज सकाळी फाटकासमोर जमिनीवर ठेवलेली, फुलं आणि भात घातलेली पानांची परडी तेवढी खटकायची.

त्यानंतर परडी दिसली नाही. सबनीसांनी समाधानाने फाटकाशी मुंग्यांची पावडर टाकली.

आज ते पाव आणायला निघाले, तर घरमालकीण रस्त्यापलीकडे परडी ठेवून त्यांच्याच घराकडे हात जोडून उभी होती.

"तिकडे कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच, बापाक," ती इथल्या रीतीने आदराची हाक मारत ओशाळून म्हणाली. "तुमचा खोकला भिंतीपलीकडे ऐकू येतो. आमच्या घरची वेगळी असते, ही तुमच्या नावाची. फाटकात नको म्हणालात, म्हणून इथे ठेवते."



दुपारी जेवायला बसल्यावर नेहमीच्या सवयीने त्यांनी ताटाबाहेर देवांच्या नावाने चित्राहुतीची चार शितं ठेवली आणि त्यांचा हात तिथेच थबकला. समोर कुणीही नव्हतं, तरी त्यांना मान वर करवेना.