रविवारचा वर्ग

जगात मूठभर लोकांनाच येणाऱ्या एका संगणकभाषेचं जीवनला असं वेड लागलं, की भंडाऱ्यातल्या राइस मिलचा सगळा कारभार त्याने तिच्यातच बसवला. पुढे पुण्याची नोकरी चालून आली, तर मिलमालक सेवकरामजी हात जोडून म्हणाले, "बाबू, हे तुह्याशिवाय कोणाले समजते? तुह्या जागी एक जण तयार कर, मंग खुशाल जा."

जीवनने दर रविवारी त्या भाषेचा फुकट वर्ग सुरू केला. चार वर्षांनी, आज त्याची विद्यार्थिनी रत्नमाला त्याच्या खुर्चीवर बसणार होती. पुण्याची कंपनी अजून त्याची वाट पाहत होती, त्याची बॅगही भरून तयार होती. रत्नमाला आली, ती पेढ्यांचा पुडा घेऊन.



"सर, मलेही पुण्याले नोकरी लागली! आपल्या वर्गातले बारा जण झाले आता तिथं. तुम्हीच काहून नाही येऊन राहिले?"